उतरलेले, चढवलेले, ओढलेले : धनुष्याच्या पात्यांच्या परिभाषेची प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातले वाशी हे धनुष्य घडवणाऱ्यांचे गाव म्हणून कुणाला ठाऊक नाही, आणि तसे ते नाहीही. आमच्या तालुक्याचे नाव बाहेर निघते ते तेरखेड्याच्या फटाक्यांमुळे, नाहीतर सोयाबीन-तुरीच्या भावावरून. मग धनुष्याच्या आकारांची परिभाषा जुळवण्याचा खटाटोप इथे बसून कशाला, असे कुणीही विचारील. उत्तर एवढेच की धनुष्य आमच्या डोळ्यांसमोरून कधी हललेले नाही. तुळजापूरच्या भवानीच्या आठ हातांपैकी एकात धनुष्य आहे, दुसऱ्यात बाण. मराठवाड्यातल्या गावांबाहेर, मारुतीच्या पारापाशी उभ्या असलेल्या वीरगळांपैकी काहींवर धनुष्य ओढून उभे राहिलेले वीर आहेत. दसऱ्याला आपण ज्या शमीचे नाव घेतो तिच्यावर पांडवांची धनुष्ये बांधून ठेवलेली होती. कॅलेंडरात राम आहे, आणि निवडणुका आल्या की गेली तीन-साडेतीन दशके भिंतीभिंतीवर धनुष्यबाण आहे. इतके सगळे असून यातल्या कुठल्याही धनुष्याचा आकार सांगा म्हटले, तर आपल्या तोंडी एकच शब्द येतो : वाकडे.

वाकडे कुठे, किती, कुठल्या बाजूला, दोरी असताना की नसताना, यांपैकी काहीच त्या शब्दात नाही.

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत सातारची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी एकाच दिवशी वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवले. दोघांचा प्रकार कंपाउंड. अदिती तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. मराठी वर्तमानपत्रांनी आनंद भरभरून छापला, पण कंपाउंड म्हणजे काय, ते रिकर्व्हपेक्षा वेगळे कशात, हे दोन ओळींत सांगायची सोय भाषेने ठेवलेली नव्हती. मैदानावर तर मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्याला, म्हणजे इंग्रजीतल्या limb ला, सर्रास ‘लिंब’ म्हणतात. ‘वरचा लिंब’, ‘खालचा लिंब’, ‘लिंब वळला’. आमच्याकडे लिंब म्हणजे दारातले झाड. त्याचा पाला वाकतो, तो स्वतः वाकत नाही. नव्या पोराला हा शब्द ऐकून काय वाटत असेल कोण जाणे.

इंग्रजी शब्द आले म्हणून तक्रार नाही. कंपाउंड या पुस्तिकेत कंपाउंडच राहिले आहे. ते यंत्र १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांनी शोधले, १९६९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले, आणि त्याच्या चाकांना संस्कृत नावे चिकटवणे म्हणजे मोटारीला रथ म्हणण्यापैकी आहे. तक्रार वेगळी आहे. आकारांविषयीचे इंग्रजी शब्द स्वतःच गोंधळलेले आहेत, आणि तो गोंधळ आपण शब्दांबरोबर उचलून आणतो. रिफ्लेक्स आणि रिकर्व्ह हे दोन शब्द घ्या. जाणकार त्यांत फरक करतात : दोरी उतरवल्यावर पाती मुठीच्या पुढे, म्हणजे तिरंदाजापासून लांब झुकत असतील तर रिफ्लेक्स; आणि फक्त टोके पुढे मुरडलेली असतील तर रिकर्व्ह. बाकीचे लोक मात्र दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. त्याचे कारण निष्काळजीपणा नाही. एक शब्द दोरी नसलेल्या धनुष्याविषयी बोलतो आणि दुसरा दोरी असतानाही डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टीविषयी, आणि हे कोणी मोकळेपणाने सांगत नाही.

या पुस्तिकेचा सगळा आधार या एका मुद्द्यावर आहे. धनुष्य ही एकाच आकाराची वस्तू नाही. तिला तीन आकार असतात. दोरी उतरवलेली असताना एक, दोरी चढवल्यावर दुसरा, आणि बाण कानापर्यंत ओढल्यावर तिसरा. उतरलेले, चढवलेले, ओढलेले हे तिन्ही शब्द मराठीत तयार आहेत. संस्कृतातही दोरी चढवलेल्याला अधिज्य आणि उतरवलेल्याला विज्य म्हणत. आकाराचे नाव घेताना यांतली अवस्था कुठली हे आधी सांगितले नाही, तर ते नाव निरुपयोगी आहे. शिवाय पाहणाऱ्याने कुठून पाहिले तेही सांगायला हवे. समोरून पाहिले तर पात्याची रुंदी दिसते, बाजूने पाहिले तर बाक दिसतो, आणि करवतीने आडवे कापून पाहिले तर छेद. समोरून दिसणारे निमुळतेपण आणि बाजूने दिसणारे निमुळतेपण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचा परिणामही निरनिराळा आहे.

हा गोंधळ किती महाग पडतो याचे ठळक उदाहरण म्हणजे शिंगाचे धनुष्य. मोगलांच्या आणि दख्खनच्या सुलतानांच्या काळात घोडेस्वाराच्या कमरेला जे धनुष्य असे ते लाकडी गाभ्याचे, पोटाला म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या आणि पाठीला जनावराच्या स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवून केलेले. आमच्या जिल्ह्यातले परंडा १६०० मध्ये अहमदनगर पडल्यानंतर काही काळ निजामशाहीची राजधानी होते. त्या काळातल्या दख्खनी स्वाराला हे धनुष्य अनोळखी नव्हते. दोरी उतरवली की ते उलट्या दिशेने मिटत जाते, कधी इतके की दोन्ही टोके एकमेकांना भिडू पाहतात. खेकड्याच्या नांग्यांसारखे दिसते म्हणून युरोपातल्या संग्राहकांनी त्याचे नावच खेकडा-धनुष्य पाडले. हे मिटलेले रूप ज्याने पाहिले पण चढवलेले पाहिले नाही, तो दोरी हमखास चुकीच्या बाजूने बांधतो. जगातल्या कितीतरी संग्रहालयांत अशी उलटी बांधलेली शिंगी धनुष्ये वर्षानुवर्षे काचेआड टांगलेली होती. वस्तू खरी, दोरी खरी, पाटीवरचे वर्णनही खरे, आणि एकूण प्रकार खोटा. ‘अर्धवर्तुळाकार धनुष्य’ एवढेच लिहिले की ती चूक कुणाच्या लक्षात यायचा मार्गच बंद होतो.

जुन्या भाषांकडे वळले तर काय मिळते? संस्कृतात धनुष्याला नावे पुष्कळ. चाप, कोदंड, कार्मुक, शार्ङ्ग, शरासन, इष्वास. पण ती बहुतेक द्रव्यावरून किंवा कामावरून पडलेली आहेत. कौटिल्याचे अर्थशास्त्र ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी चार द्रव्ये मोजते आणि दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायू यांची यादी देते. आकाराविषयी तिथे फारसे हाती लागत नाही. अवयवांची नावे मात्र नेमकी आहेत. मुठीच्या जागेला लस्तक, टोकाला कोटी किंवा अटनी. महाभारतात विराटपर्वात शमीवरून उतरवलेल्या शस्त्रांकडे बघून राजपुत्र उत्तर एकेका धनुष्याविषयी विचारतो, तेव्हा कुणाच्या पाठीवर सोन्याचे हत्ती आहेत तर कुणाच्या पाठीवर किडे. हा ‘पाठ’ शब्द आमच्या फार कामाचा ठरला, त्याकडे पुढे येतो. आमच्या भागाला सर्वांत जवळचा ग्रंथ म्हणजे मानसोल्लास. तो कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचला. त्याची राजधानी आजच्या बिदर जिल्ह्यातली बसवकल्याण, इथून फार लांब नाही. त्यातल्या विनोदांच्या भागात शस्त्रविनोदही आहे, म्हणजे दरबारात शस्त्रे चालवून दाखवण्याचा करमणुकीचा प्रकार. (याच ग्रंथात जुन्या मराठीचे तुकडे सापडतात म्हणून मराठीचे अभ्यासक त्याच्याकडे जातात, शस्त्रांसाठी जाणारे थोडे.)

फारसीने आपल्याला कमान दिली, तीर दिला, तिरंदाज दिला. कब्जा म्हणजे मूठ आणि गोशा म्हणजे टोकाचा कोपरा हेही शब्द त्याच घरचे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेला, रघुनाथ पंडितांच्या नावावर असलेला राज्यव्यवहारकोश फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देतो आणि त्यात शस्त्रांसाठी वेगळा वर्ग आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी या प्रांतात हेच काम झालेले आहे, आणि तेही राज्य चालवता चालवता. पण त्या कोशाचा हेतू नाव बदलण्याचा होता. आमचा हेतू नाव नसलेल्या जागेला नाव देण्याचा आहे. म्हणून त्याची पद्धत आम्ही उचलली नाही.

खरा धडा मिळाला तो तुर्क आणि जपानी लोकांकडून. तुर्की कारागीर पात्याला एक सलग वस्तू मानतच नाही. मुठीपासून निघालेला, खरोखर वाकणारा भाग म्हणजे ‘साल’. त्यापुढे वाक कमी होत जाऊन ताठपणा सुरू होतो तो ‘कासान’. आणि शेवटी मुळीच न वाकणारे ‘बाश’, म्हणजे डोके. आकाराचे नाव देण्याऐवजी ते कोण वाकते आणि कोण वाकत नाही याला नाव देतात. जपान्यांचे धनुष्य सव्वादोन मीटरच्या आसपास उंच, आणि मूठ मधोमध नसून खालून साधारण एक तृतीयांशावर. त्यांनी चढवलेल्या अवस्थेतल्या वळणासाठी एक शब्द ठेवला आणि उतरवल्यावर उलटे किती जाते त्यासाठी दुसरा, ‘उराझोरी’. दोन अवस्था, दोन शब्द. आम्ही ज्यासाठी चाचपडत होतो ते त्यांच्याकडे शतकानुशतके रुळलेले होते.

आता मराठीतली जुळवाजुळव. धनुष्याला मराठीत कमठा हा शब्द आहे आणि तिरकमठा हा जोडशब्दही. मोल्सवर्थच्या कोशात ते भेटतात. लिंबाला आम्ही ‘पाते’ म्हटले. भुजा आणि बाहू हे शब्द सुचवले गेले होते, पण भुजा वाकते ती सांध्यात, आणि धनुष्याला सांधा नसावा हीच तर कारागिराची धडपड असते. तिरंदाजाच्या तोंडाकडची बाजू ‘पोट’ आणि बाहेरची ‘पाठ’. इथे नवशिक्याचा घोटाळा होतो, कारण चढवलेल्या धनुष्याची आपल्याकडची बाजू खोलगट असते आणि पोट म्हटले की आपल्याला फुगीर काहीतरी वाटते. तरी शब्द बदलला नाही. पाठ महाभारताइतकी जुनी आहे, आणि पाठ असली की पोट आलेच. शिवाय लाकडाचे दुखणेही तसेच आहे : ओढताना पाठीवर ताण येतो, पोटावर दाब येतो. बहुतेक लाकडे ताण सोसतात आणि दाबाला आधी हार मानतात. शिंग पोटाला आणि स्नायू पाठीला का, याचे उत्तर एवढ्यात आले.

पाठ आणि पोट ठरल्यावर रिफ्लेक्स-डिफ्लेक्सची अडचण जवळजवळ आपोआप सुटली. उलटा बाक, सुलटा बाक असे म्हटले की कुणाच्या दृष्टीने उलटा हा प्रश्न उभा राहतो. त्याऐवजी उतरलेल्या अवस्थेत पाते ज्या बाजूला झुकले असेल तिचे नाव घ्यायचे : पाठीकडे झुकले (रिफ्लेक्स) तर ‘पाठबाक’, पोटाकडे झुकले (डिफ्लेक्स) तर ‘पोटबाक’. हे दोन्ही शब्द आम्ही घडवलेले आहेत, ते कुठल्या गावात ऐकले असा दावा नाही. टोकाशी अचानक पाठीकडे वळणाऱ्या भागाला ‘मुरड’ म्हटले. करंजीच्या कडेला घालतात तीच. मुरडीचे दोन प्रकार होतात. ओढताना जी स्वतः उलगडत जाते ती ‘खुली मुरड’, आणि जी आपला कोन सोडत नाही ती ‘ताठ मुरड’. ताठ मुरड चढवलेल्या अवस्थेत दोरीला टेकून बसते. ओढ वाढली की दोरी तिच्यावरून उचलली जाते आणि टोक तरफेचे काम करू लागते. म्हणून शेवटच्या वितीला हात थरथरायचा तो थरथरत नाही. दख्खनी स्वाराचे आखूड धनुष्य माणसाएवढ्या सरळ धनुष्याशी बरोबरी करू शकले ते या तरफेच्या आणि पाठबाकाच्या जोरावर. त्याची किंमत पावसाळ्यात चुकवावी लागे, कारण सरस ओल धरतो. हिंदुस्थानात पोलादाची धनुष्ये झाली त्यामागे हे एक कारण होते : ती शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहिली तरी बिघडत नसत. गंमत अशी की त्यांनाही शिंगी धनुष्याचाच दुहेरी बाक दिलेला दिसतो.

सरळ धनुष्याला कमी लेखायचे कारण नाही. सातपुड्यातल्या भिल्लांचे बांबूचे धनुष्य जवळजवळ सरळ, आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच लवचीक सालपटाची. एका वनस्पतीत सगळे भागले. बांबूचे तंतू सालीलगत सर्वांत दाट असतात, तेव्हा साल पाठीला ठेवायची की पोटाला यावर त्या धनुष्याचा स्वभाव फिरतो. लाकडात आपल्याकडे नाव घ्यावे ते धामणीचे. संस्कृतातली धन्वन ती हीच. कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडी यांसाठीही तिलाच पसंती, कारण तिन्ही कामांत लाकडाने वाकून परत यायचे असते.

परत यायचे असते, पण पूर्ण येत नाही. सरळ लाकडाचे धनुष्य काही काळ वापरून उतरवले की ते पोटाकडे थोडे झुकलेले राहते. याला इंग्रजीत तीन-चार शब्द आहेत आणि एकही धड नाही. आमच्याकडून धुळे-सोलापूर महामार्ग जातो. त्यावरच्या गॅरेजात कुणीही म्हणेल, ‘पाटे बसले.’ ट्रकचे कमानपाटे ओझ्याने सपाट होऊन पुन्हा उठत नाहीत तेव्हाचा हा शब्द. धनुष्याचे तेच होते, म्हणून आम्ही ‘बसणे’ आणि ‘बसका’ असेच घेतले : दोन बोटे बसका, चार बोटे बसका. कमानपाट्याने आणखी एक गोष्ट समजावून सांगता येते. त्यात मधोमध पट्ट्यांची चवड जाड आणि टोकांकडे एकेक पट्टी कमी होत जाते. पात्याचेही तसेच, कारण ओढताना सर्वांत जास्त भार मुठीजवळ येतो आणि टोकाकडे तो कमी होतो. हे निमुळतेपण रुंदीत आणायचे की जाडीत, हा कारागिराचा पहिला निर्णय. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो. जाडी निम्मी केली तर तो आठवा हिस्सा राहतो. रंध्याचा एक हात जास्त फिरला तर धनुष्य बिघडते ते या घनाच्या हिशेबाने.

म्हणून समोरून दिसणाऱ्या आकारांना आम्ही वेगळे पान दिले. मुठीपासून टोकापर्यंत सरळ रेषेत निमुळते होणारे, बरीच लांबी समान रुंदीचे राहून शेवटी निमुळते होणारे, आणि मुठीलगत रुंद पण पुढे एकदम अरुंद व ताठ होणारे. या तिसऱ्याचा एक जुना दाखला डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ मध्ये सापडलेल्या एल्म लाकडाच्या धनुष्यात पाहतात. वय सुमारे नऊ हजार वर्षे. छेदांपैकी पोटगोल, म्हणजे पाठीला सपाट आणि पोटाला गोलाकार, हा इंग्लंडच्या लांब धनुष्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या जहाजातून अशी शंभराहून अधिक धनुष्ये वर निघाली. १९३० च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉप्स्टेग यांसारख्या शास्त्रज्ञांनी मोजमाप करून चपट्या, आयताकृती छेदाची बाजू घेतली, आणि पोटगोलाची मक्तेदारी संपली. छेदात दोन्ही अंगांनी फुगीर असेल तर आम्ही त्याला ‘मसुरी’ म्हटले आहे. कारण मसूर पाहिलेला नाही असा मराठी माणूस नाही.

काही गोष्टी मुद्दाम वगळल्या. पिंजाऱ्याची कमान धनुष्यासारखी दिसते, पण तिचे लाकूड वाकण्यासाठी नसतेच. काम करते ती तात. गलोल खरोखरीचे धनुष्य होते, गोळी मारणारे, पण आज बऱ्याच जणांना त्या शब्दाने बेचकीच समजते, तेव्हा तो वाद इथे नको. कॅलेंडरातल्या धनुष्यांचे मात्र करायचे काय हे ठरेना. त्यांतली पुष्कळशी ओढलेल्या अवस्थेतही चढवलेल्या अवस्थेचाच बाक राखून असतात. दोरी कानापर्यंत आलेली आणि पाती जागची हललेली नाहीत. चित्रकाराला तो आकार सुंदर वाटला, एवढेच. वीरगळावरचा पाथरवट याबाबतीत पुष्कळदा जास्त प्रामाणिक वाटतो. त्याच्या ओढलेल्या धनुष्यात पाती भरपूर वाकलेली असतात. जनकाच्या घरचे शिवधनुष्य वाल्मीकींच्या मते मधोमध मोडले. लोखंडी पेटीत पडून राहिलेले, वर्षानुवर्षे न वाकवलेले धनुष्य एकदम पूर्ण ओढले की काय होते, हे कुठल्याही कारागिराला विचारावे. रामाच्या पराक्रमाला त्याने बाध येत नाही.

वापराविषयी दोन सूचना. नोंदींत प्रत्येक आकाराच्या नावाआधी अवस्थेचे आद्याक्षर आहे, ‘उ’, ‘च’ किंवा ‘ओ’. ते वगळून नाव उद्धृत करू नये. बसका मोजायचा तर दोरी उतरवल्या उतरवल्या एकदा आणि काही तासांनी पुन्हा मोजावा, कारण लाकूड थोडे उठते आणि दोन मापांतला फरकही सांगण्यासारखा असतो. शाळकरी मुले ज्या बांबूच्या धनुष्याने ‘इंडियन राउंड’ खेळतात त्याच्या नोंदी सविस्तर आहेत, कारण पुस्तिका पहिल्यांदा त्यांच्याच हाती पडावी अशी इच्छा आहे. कंपाउंडच्या पात्यांना अर्धे पानच मिळाले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येते आहे, तोवर ते पान वाढवावे लागेल. ‘पोटबाक’ काही वाचकांना खटकला आहे. त्याला चांगला पर्याय मिळाला तर पुढच्या आवृत्तीत तो घेऊ. ‘पाते’ आणि ‘मुरड’ मात्र आता बदलणार नाहीत.

वाशी, जि. धाराशिव